मेथीचा भाग राहिला

१२ जानेवारी २०२५

आज परत सांगितलं. या वेळी वीज कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये. एसी इतका की बोटं आखडली. समोर साहेब लोक, भिंतीवर प्रोजेक्टर. आधी मुग्धाताईंनी नकाशा दाखवला. कोराडीपासून मानकापूरपर्यंत, रेल्वेलाइनच्या कडेनं, सायकलची वाट. कामावर जाणाऱ्या माणसांसाठी. म्हणजे त्यांना कोराडी रोडवर ट्रकांच्या गर्दीत घुसावं लागणार नाही. मग नकाशा गेला आणि यांचा फोटो आला. रवींद्र, पॉवर स्टेशनात कंत्राटी वेल्डर. फोटो आला की माझी पाळी.

मी सांगते. हे सायकलनं ड्यूटीवर गेले. जाताना म्हणाले, येताना मेथी आणतो. संध्याकाळी घरी येत होते, मागून राखेचा ट्रक आला. रस्ताभर मेथी.

मेथी म्हटलं की साहेब लोक मान खाली घालतात. दर वेळी! आज मी तेच विसरले, सरळ दवाखान्यावर आले. बाहेर आल्यावर मुग्धाताई हळूच म्हणाल्या, "रोशनीताई, मेथीचा भाग राहिला."

वाईट बाई नाही ती. आर्किटेक्ट आहे. स्वतःची कामं बाजूला ठेवून या वाटेच्या मागे लागली आहे, कोणी पैसे देत नाही तिला. पण – भाग!

१५ जानेवारी

बाजारात मेथीचे ढीग. स्वस्त झाली. घेतली नाही. दुःख वगैरे काही नाही – ती आता मीटिंगची भाजी झाली.

२७ जानेवारी

रेल्वेच्या ऑफिसात. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले. युनिफॉर्म शिवायचा सीझन अजून लागला नाही म्हणून शेठनं सोडलं.

रेल्वेचे साहेब चांगले बोलले. म्हणाले, जागा आमची आहे, पण उद्या वाटेवरचा माणूस रुळावर आला तर जबाबदारी कोणाची? आधी भिंत बांधा. भिंतीचे पैसे महापालिकेनं द्यावेत. महापालिका म्हणते, रेल्वेनं जागा लिहून दिली की बघू. कंपनी म्हणते, दोघांच्या सह्या आल्या की आम्ही नाल्यावरच्या पुलाचे पैसे देतो. सगळेच खरं बोलतात. सगळेच दुसऱ्याची वाट पाहतात. आणि प्रत्येकासमोर मी एकदा सांगायचं.

सांगून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी हेल्मेट घातलं होतं का?"

मी म्हटलं, "साहेब, ट्रक पोटावरून गेला."

शिपायानं चहा आणला होता, तो ट्रे धरून तसाच उभा.

गाडीत मुग्धाताई पुढे बघत होत्या. सिग्नलला म्हणाल्या, "हे पोटावरचं... जमलं तर पुढच्या वेळी पण सांगा. सॉरी."

३ फेब्रुवारी

अपेक्षानं जेवता जेवता ताट सरकवलं. कॉलेजमध्ये कोणीतरी मोबाइलवर माझ्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला म्हणे. "आई, तू पप्पाले अजून किती वेळा मारशील?"

माझा घास तोंडातच.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोरगा त्यांचा गेला. मी बायको, ही पोरगी, पण पोरगा त्यांचा. त्या म्हणाल्या, "बोलू दे तिले. वाट झाली तं कोणाचं तरी पोट्टं घरी येईन." मग अपेक्षाचं ताट तिच्यापुढे परत सरकवलं. "जेव."

अपेक्षा जेवली. स्वतःचं ताट धुतलं, माझं तसंच ठेवलं.

११ फेब्रुवारी

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, इथे लिहिते. मी यांना आठवायला जाते तर हे दिसत नाहीत. प्रोजेक्टरवरचा फोटो दिसतो. इतक्यांदा सांगितलं की आता ते खरंच मेथी म्हणाले होते की पालक – तेही नक्की आठवत नाही. आवाज तर गेलाच. माझ्याच आवाजात ऐकू येतात.

२३ फेब्रुवारी

आज वाट पायी बघितली. रेल्वेचे एक ज्युनिअर साहेब, मुग्धाताई, त्यांच्या सायकल ग्रुपचे दोघं – रविवारी महागाच्या सायकली घेऊन फिरणारे – आणि मी. मीच तेवढी ऑटोनं आलेली!

मी प्रथमच तिकडे गेले. वाट तर आहेच! कोणी केली नाही, माणसांच्या येण्याजाण्यानं झाली. रुळाच्या बाजूला बाभळी, मधून पायवाट, निळ्या ड्रेसमधले लोक डबे लटकवून सायकली मारत होते. पण अर्ध्यावर नाला लागतो. त्यावर रेल्वेचा पूल आहे, माणसांचा नाही. तिथे सगळे सायकली खांद्यावर घेऊन चढ चढतात आणि कोराडी रोडला लागतात. नाल्याच्या पुढचं जे अंतर, ते ट्रकांसोबत. हे तिथेच गेले.

मुग्धाताईंनी मोजलं, फोटो काढले. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पुलासाठी चाललंय सगळं." एवढासाच आहे खरा.

एकानं मला बघून सायकल थांबवली. "वहिनी! तुम्ही इकडं?" प्रेमानंदभाऊ, यांच्याच शिफ्टचे. मयतीला आले होते, त्यानंतर भेट नाही. उगीच घंटीशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "रवी इथं दोन्ही हात सोडून चालवे, मालूम हाय का तुम्हाले? हात सोडे अन् गाणं म्हणे. बेसूर! आम्ही मागून ओरडून राहिलो, अबे पडशील, तं तो अजूनच जोरात."

मला माहीत नव्हतं. घरी तर हे इतके गंभीर – नळ टपकला तरी कपाळाला आठी. मी हसले. तिथे नाल्यावर, सगळ्यांसमोर, तोंडावर पदर धरून हसले. मुग्धाताई बघत राहिल्या. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "काय म्हणत होते ते?"

"काही नाही," म्हटलं.

हे मी मीटिंगमध्ये सांगणार नाही. हे माझं आहे.

१९ मार्च

कंपनीनं नाही म्हटलं. म्हणजे नाही म्हटलं नाही – यंदा तलावाचं सुशोभीकरण घेतलं आहे, सायकलचं पुढच्या वर्षी बघू. मुग्धाताईंना फोनवरच सांगितलं. त्या माझ्या शिलाईच्या कारखान्यासमोर गाडी लावून बसल्या होत्या, मी बाहेर आले तर स्टेअरिंगवर डोकं.

"मी पण दमले हो रोशनीताई. घरी म्हणतात, तुला काय मिळतं यातून. मला सांगता येत नाही."

मी त्यांना डब्यातला पोहा दिला. थंड झालेला. दोघींनी गाडीत बसून खाल्ला. आज पहिल्यांदा वाटलं, हिला मैत्रीण म्हणता येईल. मग वाटलं, हे नसते गेले तर ही मला भेटलीच नसती. उरलेल्या पोह्यावर झाकण लावलं.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी, विहारात वंदना, सासूबाईंना हात धरून नेलं. सगळ्या बायका विचारत होत्या, "काय झालं वं तुह्या सायकल रोडचं?" एक म्हातारी तर म्हणाली, "हेच का ते सायकल रोडवाली?"

आधी मी रवीची बायको होते. मग विधवा. आता सायकल रोडवाली.

६ मे

ऊन असं की सुईसुद्धा तापते. कारखान्यात कूलर बंद.

चौकात बॅनर लागला! "स्व. रवींद्र सायकल पथ – स्वप्नपूर्ती." वर भैय्याजींचा हात जोडलेला मोठा फोटो, खाली कोपऱ्यात यांचा लहानसा. भैय्याजी आमच्या भागाचे माजी नगरसेवक. आजपर्यंत एका मीटिंगला आले नव्हते. मंजुरीचा पत्ता नाही अन् स्वप्नपूर्ती! पण मुग्धाताई म्हणतात, त्यांनीच वर शब्द टाकला, म्हणून महापालिका आता पुलाचे आणि भिंतीचेही पैसे द्यायला तयार आहे. रेल्वेनं पण हो म्हटलं. बारा जूनला महापालिकेच्या मोठ्या साहेबांसमोर शेवटची मीटिंग.

सासूबाई ऑटो थांबवून बॅनरपाशी उतरल्या. यांच्या फोटोवर उडालेली धूळ पदरानं पुसली. हात तेवढाच पुरला, भैय्याजींपर्यंत पोचला नसता.

८ मे

मुग्धाताईंना सांगून टाकलं. बारा जूनची शेवटची. त्यानंतर मी कुठे येणार नाही, कोणासमोर सांगणार नाही. वाटलं होतं त्या समजावतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. खूप केलंत."

अपेक्षाला सांगितलं. तिनं मान हलवली आणि माझ्यासाठी पण उसाचा रस घेऊन आली.

२१ मे

आज मशीनवर कॉलर शिवता शिवता हे दिसले. फोटोतले नाहीत. बनियनवर, दाढीला फेस लावलेले, आरशातून मला काहीतरी विचारत होते. काय विचारत होते ते नाही आठवलं. चालते. आले तर खरे!

२ जून

त्याच रस्त्यावर आज पुन्हा. नाल्याच्या पुढे. पंचविशीतला पोरगा, जितेंद्र, पॉवर स्टेशनच्या कँटीनमध्ये कामाला. सकाळच्या पाळीला जात होता. जागेवरच गेला.

दुपारी मुग्धाताईंचा फोन. "मला माहीत आहे हे कसं वाटेल. पण मीटिंग दहा दिवसांवर आहे. त्याची बायको आहे, मिनल. लग्नाला वर्ष नाही झालं. ती आली तर कोणीही नाही म्हणू शकणार नाही. तुम्ही तिच्याशी बोलाल? तुमचं ऐकेल ती. आणि मग तुम्हाला पण... तुम्हाला नको होतं ना."

खोटं कशाला लिहू. माझ्या मनात पहिला शब्द आला – सुटले.

दुसरा शब्द यायला किती वेळ लागला, आठवत नाही. मी म्हटलं, जाऊन येते.

५ जून

गेले. पाचपावलीत एक खोली, बाहेर पत्र्याखाली माणसं. मिनल खाली सतरंजीवर. अंगानं किती लहान! कोणीतरी सांगितलं, या कोराडी रोडच्या बाई, यांचे पण असेच गेले. तिनं वर पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. न विचारता बोलायला लागली.

"सकाळी भांडली मी त्याच्यासंग. म्हणे, डब्यात रोज भेंडीच काहून देतं? मी म्हटलं, तू भेंडीच आणतं तं मी काय देऊ? तो डबा ठेवूनच गेला. मी मागून धावली, तोपर्यंत गल्लीच्या टोकाले. डबा इथंच हाय, ताई. उघडलाच नाही म्या. उघडू का? कोणी सांगत नाही मले, उघडू का नको."

आणि माझ्या डोक्यात काय आलं – डब्याचा भाग चांगला आहे. डब्याचा भाग शेवटी ठेवायचा.

असं आलं! मी तिचा हात हातात घेऊन बसले होते आणि मनात तिला प्रोजेक्टरसमोर उभी करत होते. हे मला कधी झालं? मला दरदरून घाम आला. लोकांना वाटलं उन्हानं, कोणी पाणी आणून दिलं.

मीटिंगचं काही बोलले नाही. डबा तिच्याकडून घेतला, मोरीवर नेला, मीच उघडला, मीच घासला, उन्हात पालथा ठेवला. ती दारातून बघत होती. परत आले तर म्हणाली, "बरं झालं."

९ जून

मुग्धाताईंना फोन केला. मिनल येणार नाही. बाराला नाही, नंतर कधीही नाही. तिच्याकडे कोणी जायचं नाही, फोटो मागायचा नाही, भैय्याजींच्या माणसांना पण सांगून ठेवा.

त्या म्हणाल्या, "आणि बाराला मंजुरी अडकली तर? पुढच्या मीटिंगला कोण बोलणार?"

"मीच."

"तुम्ही तर सोडणार होतात."

"हो. सोडणार होते."

अपेक्षा दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, त्या दिवशी ताट सरकवलं तशी आता काहीतरी म्हणेल. ती आत गेली आणि माझी पांढरी साडी इस्त्रीला काढली.

१२ जून

सांगितलं. सगळे भाग सांगितले. साहेबांनी सही केली – खाली "निधी उपलब्धतेनुसार" असं लिहून. म्हणजे अजून जावं लागेल. जाईन.

संध्याकाळी मिनलचा फोन. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, काम काही नाही. त्याच्याबद्दल बोलावं वाटून राहिलं कोणापाशी. नुसतंच. तुम्हाले टाइम हाय का?"

गॅस बंद केला. खाली बसले.

"बोल वं."