भिंतीवरच्या खुंट्या

तेहरान, २० आजर

फरामर्ज,

तू घर सोडल्यापासून दर हिवाळ्यात मी शूश चौकाजवळच्या भिंतीवर तुझ्यासाठी कोट टांगत आले. गरजूंनी न्यावेत म्हणून लोक तिथे कपडे ठेवतात. खुंट्या मीच आमच्या समाजकल्याण खात्याकडून लावून घेतल्या होत्या. कोटाच्या खिशात चिठ्ठी असायची. दोनदा त्याच खुंटीवर तुझ्या या बहिणीला तुझं उत्तर मिळालं: "आबजी, जिवंत आहे. शोधू नकोस."

आज त्या भिंतीजवळचे दुकानदार आमच्या कचेरीत आले. "बाई, तिथे गर्दुल्ले जमतात. एवढी माया असेल तर स्वतःच्या दारात ठोका खुंट्या!" सगळे हसले. मीही हसले.

साहेबांनी खुंट्या काढण्याचा आदेश पुढे केला. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. एकोणीस वर्षं मी बेघर व्यसनींना निवाऱ्यात आणते आहे, आणि तितकीच वर्षं कचेरीत सांगते आहे की मला भाऊ नाही.

सही केली. दुकानदारांचं पटलं म्हणून, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही.

उद्या सकाळी खुंट्या निघतील. यंदाचा कोट माझ्याच दारात टांगला आहे, हे पत्र त्याच्या खिशात. या घराचा पत्ता तुला कधी कळवलाच नाही.

तुझी आबजी,
ताहेरे