दोन दारांची खोली

तीर्थरूप ताई,

तुला वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो नाही, कंबर धरते, उरलेला नमस्कार तू समजून घे.) खोकला कसा आहे? काढा घेतेस की नुसता उकळून झाकून ठेवतेस? आमचं दोघांचं बरं चाललंय, म्हणजे माझं आणि माझ्या मधुमेहाचं. तुझी भावजय नेहमीसारखीच ठणठणीत.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. पण मधल्या काळात मी सरकारी प्रदर्शनात मांडलेली वस्तू होतो, आणि वस्तूंना पत्रं लिहिता येत नाहीत. नीट सांगतो.

साऱ्या विभागात पुढे किती घरं लागतील याचा अंदाज आमचं गृहनिर्माण कार्यालय बांधतं, हे तुला माहीत आहे. (जो माणूस डबा रोज कार्यालयात विसरून येतो, त्याला पुढच्या वीस वर्षांचं विचारतात.) आमच्या आधीच्या लोकांनी घरटी सहा माणसं धरली होती. त्या हिशेबाने गावाबाहेर ऐसपैस इमारती उठल्या. मग झालं काय, की त्यात राहायला जी पोरं जन्मायची होती ती जन्मलीच नाहीत, आणि जी जन्मली ती शिकून लांब निघून गेली. आता तिथे चार खोल्यांत एक म्हातारं माणूस राहतं आणि शेजारची शाळा बंद पडली आहे. नव्या जनगणनेचे आकडे आले तसे आमचे साहेब (त्यांना आम्ही त्यांच्यामागे ‘आलेख’ म्हणतो, कारण बोलताना त्यांचा हात आधी वर चढतो आणि मग हळूहळू खाली उतरतो) म्हणाले, यापुढे एका माणसाचं घर बांधायचं. मोठी घरं लेकुरवाळ्यांना द्यायची, वयस्करांना छोटं, नेटकं घर. बंद शाळेच्या मैदानात एक नमुना उभाही राहिला. लोकांचा विश्वास बसायला त्यात कुणीतरी राहून दाखवायला हवं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तेव्हा नेमका चष्मा पुसत होतो, त्यामुळे माझी मान वर राहिली.

भाड्याचं घर सोडून आम्ही तिथे गेलो. (साहेबांचं म्हणणं, एक पाय मागे ठेवलात तर प्रयोग खोटा ठरेल.) घर एका माणसाचं आणि आम्ही दोघं, म्हणजे सुरुवातीलाच शंभर टक्के लोकसंख्यावाढ. पलंग भिंतीत दुमडायचा, मग त्या जागी टेबल उघडायचं, ते मिटलं की न्हाणीघराचं दार उघडायचं. मी अंघोळीला निघालो की तुझ्या भावजयीला स्वयंपाक थांबवून ओट्यावर चढून बसावं लागे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांना विचारल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही ही शिस्त आम्हाला त्या घराने लावली.

सुट्टीच्या दिवशी लोक बघायला येत. मी आडवा पडलो असताना एका गृहस्थांनी गादी दाबून पाहिली आणि मग मलाही दाबून पाहिलं. एका बाईंनी तुझ्या भावजयीला विचारलं, हे घराबरोबरच मिळतात का? ती म्हणाली, मिळतात, पण परत घेत नाहीत. ताई, ही बाई मला कुठे म्हणून सांभाळून घेत नाही.

अशात एकदा आमची दाई आली. आमची म्हणजे गावाची. आता निवृत्त झाली आहे, पण अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलंय, त्यामुळे कुणाचंच दार ती वाजवत नाही. एकुलत्या खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, चारी भिंती न्याहाळल्या आणि म्हणाली, सगळं छान आहे, पण माझी मुलगी आली की झोपणार कुठे? मी नम्रपणे आकडेवारी सांगितली, की आपल्या विभागात लांब राहणारी मुलं वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतात. तेवढ्यासाठी खोली अडवून ठेवणं परवडत नाही.

“येते एकदाच,” दाई म्हणाली. “पण तिची खोली आहे म्हणून मी वर्षभर सांगू शकते, की ये.”

मी पलंग भिंतीतून काढला, परत दुमडला.

त्यानंतर शाळेच्या सभागृहात जाहीर सभा झाली. साहेबांचा हात वर चढला, खाली उतरला. सगळे म्हातारे शांतपणे ऐकत होते. मग एकेक जण उठून जे घरात नाही त्याच्यासाठी जागा मागू लागला. कुणाला मुलासाठी हवी होती, कुणाला नातवासाठी. निवृत्त बसचालकाला बायकोच्या शिवणयंत्रासाठी हवी होती, आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. साहेब म्हणाले, “अहो, पण माणूस तर एकच आहे ना?” दाई जागेवरूनच म्हणाली, “तुझ्या आईलाही जाऊन विचार. तुला पहिल्यांदा मीच उचललंय.” साहेबांचा हात वर जाता जाता मध्येच थांबला. सभा तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी साहेब जरा उशिरा आले. आईकडे जाऊन आले असावेत, कारण सदऱ्याला कुणीतरी नवीन बटण लावून दिलं होतं. मला म्हणाले, नकाशा पुन्हा काढा. काढला. आता दर दोन छोट्या घरांमध्ये एक जादा खोली, तिला दोन्ही घरांकडून दार. ज्याच्याकडे पाहुणा, त्याची खोली. नमुन्याला लागून दुसरं घर आणि मधली खोली बांधली, आणि त्या घरात दाई राहायला आली.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला. तिची मुलगी आणि माझा मेहुणा एकाच दिवशी हजर. मेहुण्याने आमच्या दाराने मधल्या खोलीत बॅग ठेवली आणि तो आमच्याकडे चहाला येऊन बसला. मुलगी दाईकडच्या दाराने आत शिरली, तिथली बॅग आईचीच समजली आणि आमचं दार आतून लावून गाढ झोपली. मेहुणा ओट्यावर झोपला. (तो तुझ्या ओळखीचा आहे. अर्धा ओट्यावर, बाकीचा अधांतरी.) सकाळी मुलगी ओशाळून माफी मागायला आली, चौघं-पाचजण दाटीवाटीने चहा प्यायले, आणि दोन दिवसांसाठी आलेली ती पोरगी आठवडाभर राहिली. दाई तेवढे दिवस कुणाच्याही घरात शिरली नाही. गाव काळजीत पडलं.

आराखडा मंजूर झाला, ताई. पत्र पुरे करतो. मोठ्यांच्या आशीर्वादाची वाट पाहणारा,

तुझा धाकटा भाऊ

ता.क. एक किरकोळ गोष्ट राहिली. ते नमुना घर आता निवृत्त बसचालकाला मिळालंय आणि आम्हाला महिनाअखेर ते सोडायचंय. साऱ्या विभागाच्या घरांची सोय लावणाऱ्या तुझ्या भावाला स्वतःचं घर नाही. हसून झालं असेल तर सांग, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? तिथून कार्यालयाला थेट बस आहे. फार अडचणीत आहे गं.

ता.क. दुसरा: वन्सं, मी लिहितेय. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन गेलेत. अडचण वगैरे काही नाही. यांना चांगलं तीन खोल्यांचं सरकारी घर मिळालं होतं, आणि यांनी किल्ली परत केली. तुम्ही वरचा मजला बंद करून खाली एकट्याच झोपता असं कळल्यापासून यांचं कशात लक्ष नाही. सोबतीला येतो म्हटलं तर तुम्ही फोनवरच झाडाल, आसरा द्या म्हटलं तर दार उघडाल, असं यांचं म्हणणं. भाऊ तुमचा आहे, तुम्हीच ठरवा. नाही म्हणायचं असेल तर मला एकटीला कळवा, मी यांना सांगेन की पत्र पोचलंच नाही.

पण वन्सं, सामान मी बांधून ठेवलंय.