तोरणांची राखण

६ ऑक्टोबर

सकाळी सकाळी शुभांगीचा फोन! साकोलीची दुकानवाली ते. "आजी, तोरणं दिवाळीच्या आधी पायजेत. मागच्या वर्षीसारखं नका करू." मागच्या वर्षी मी काय केलं? अर्धा माल चिमण्यांनी खाल्ला, त्याले मी काय करू! "ह्या वर्षी कमी आले त पुढच्या वेळी दुसरीकडून घेईन." घे म्हटलं. धानाच्या लोंब्या विणणारी दुसरी कोण हाय एकोडीत, ते बी सांग.

फोन ठेवला अन् मंग बोटावर दिवस मोजले, दिवाळीले किती राहिले ते.

७ ऑक्टोबर

लोंब्या दवातच कापा लागते. तवा काडी मऊ. ऊन चढलं का काडी मोडते, दाणे गळते. म्हणजे धानाच्या बांधीत जाचं ते सकाळीच. अन् सकाळीच माह्या बुढ्याचं तोंड धुवा, चहा पाजा, कपडे बदला. होळीपासून लकवा त्याले. उजवा हात-पाय गेला, बोली गेली. माणूस नुसता पाहते.

सून कामिनी पहिल्या बसनं साकोलीले, कापडाच्या दुकानात. दिवाळीत सुट्टी नाही म्हणते. पोरगा विनोद ट्रॅक्टरवर. राहिली मी. "तू त घरीच असते, माय!" घरीच! हातात विळा घेऊन घरी!

८ ऑक्टोबर

विणलेलं तोरण सावलीत ठेवलं त बुरशी. अंगणातल्या वळणीवर उन्हात टांगलं त चिमण्या. दोन्हीकडून मरण!

बुढा ओसरीत खाटेवर पडून. एक चिमणी आली, दुसरी आली — पाहून राहिला. म्हटलं, बापा, सारी जिंदगी धान राखला, आता पाहतच राहशील?

९ ऑक्टोबर

माळ्यावरून जागलीचा डब्बा काढला, शेतात राखणीले वाजवे तो. आत दगड टाकला, तोरणाच्या वळणीले टांगला, दोरी बुढ्याच्या डाव्या हाताले. "वढ!" नाही वढली. "वढ, नाही त चहा नाही." वढली! खडाड्! चिमण्या भुर्र.

बांधी घराच्या मागेच. डब्बा वाजला म्हणजे चिमण्या गेल्या, अन् बुढा हाय. दोन कामं एका दोरीत.

११ ऑक्टोबर

शेजारची सत्यभामाबाई आली. दोरी पाहून कपाळाले हात. "अवो शेवंताबाई, नवऱ्याले दोरी! बैल हाय का तो?" म्हटलं, तुमचा मोकळा हाय तो पानठेल्यावर सापडते, माहा जाग्यावर सापडते. तोंड वाकडं करून गेली. आता साऱ्या गावाले सांगन.

१२ ऑक्टोबर

सांगितलं.

१३ ऑक्टोबर

विनोद संध्याकाळी आला तो पेटलेलाच. पानठेल्यावर कोणी म्हटलं म्हणे — तुह्या मायनं बापाले राखणीले ठेवला! आल्या आल्या दोरी सोडली, डब्बा नालीत फेकला. "बाप हाय माहा, बुजगावणं नाही! हे तोरणाचं आता बंद. तू बाबाजवळ बस."

कामिनी मधात पडली. "अवो, पण आईचं काम—" "तू गप!"

मी म्हटलं, बस ना तू बी. तो भिंतीकडे पाहते, त्याच्याजवळ बसून मी कोणती भिंत पाहू? विनोदचे डोळे भरले. माहे नाही.

बुढ्याची डावी मूठ मात्र आवळलेलीच. दोरी नव्हती तिच्यात.

१४ ऑक्टोबर

उद्या दुपारी हार्वेस्टर येऊन राहिला. मशीन फिरलं का लोंबी कुठली? सारा भुसा. अन् अजून तोरणं विणायची हायत. शुभांगीचा परत फोन. उचलला नाही.

भाजीत मीठ जास्त पडलं, विनोदनं पाणी ओतून खाल्लं.

सकाळी दव हाय तवरच जाईन. टांगलेली कोण राखन? पाहू.

१५ ऑक्टोबर

गेली. हात विळ्यावर, कान घरी. डब्बा नाही, खडखड नाही, नुसता चिमण्यांचा कलकलाट. गेलं म्हटलं सारं! अन् बुढ्याचं काय, ते बी कळे ना. लोंब्या तशाच टाकून पळाली. कोपऱ्यावर आली त ओसरीतून—

"हाऽऽ! चोट्टे!"

फाटका आवाज. अर्धा. पण त्याचाच!

विनोद ब्रश तोंडात धरून अंगणात उभा. फेस गळून राहिला, पुसाचं भान नाही.

होळीपासून घास मी भरवते — मले एक शब्द नाही. अन् चिमण्यांले शिवी!

खाट वळणीजवळ सरकवली. विनोदनंच.