लंडनचा शेजार

आई, काल एका खुनावरून तुझी आठवण आली. घाबरू नकोस, पुस्तकातल्याच. नातीला माझी पहिली छापून आलेली रहस्यकथा सापडली आणि तिने विचारलं, खून भर दुपारी कसा काय? मी हसून वेळ मारून नेली.

सक्करदऱ्याच्या घराची गच्ची, सकाळचे सात. तू जुन्या लुगड्यावर मुगवड्या घालते आहेस आणि मी, कॉलेजातला दीडशहाणा, तुला माझी नवी कथा वाचून दाखवतो आहे. लंडन, धुकं, बंद बंगला, आत चार दिवसांचं प्रेत. लंडन मी फक्त नकाशात पाहिलेलं. आधीच्या दोन कथा मासिकांनी साभार परत पाठवलेल्या. हीही परत आली तर लिहिणं सोडून देईन, असं बाबांना कबूल करून बसलो होतो. म्हणून तू नुसतं "छान" म्हणावंस, एवढंच मला हवं होतं. आणि तू काय म्हणालीस? "चार दिवस माणूस मरून पडला अन् शेजारणीले पत्ता नाही? एकही बाई विरजण मागाले नाही आली?" मी म्हटलं, "आई, ते लंडन आहे!" "असू दे ना लंडन. माणसंच राह्यते ना तिथं? आपल्या गल्लीत कोणाचं दूध नासलं तरी घंटाभरात साऱ्याइले माहीत होते. मले पटून नाही राहिलं गा."

माझा असा संताप झाला! "मग आपल्या गल्लीत तूच करून दाखव खून," मी ओरडलो. तू मान वर न करता म्हणालीस, "मे महिन्यात करायचा. दुपारी दोन वाजता. दारं लागली राह्यते, कूलर असा घरघरते का बाजूचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. चारले करशील तर फसशील, नळ येते." आणि पुढची वडी घातलीस. मला आयुष्यात पहिल्यांदा तुझी भीती वाटली.

मी लंडन फाडून टाकलं आणि आपली गल्ली लिहिली. धुक्याचं काम उन्हाने केलं. ती छापून आली, आणि पोटापाण्याची नोकरी धरली तरी लिहिणं सुटलं नाही. पुढे कथा कैरोत घडो की टोकियोत, आधी मी हेच शोधायचो, की तिथली माणसं झोपतात केव्हा, पाणी भरतात केव्हा, कोण कोणाचं दार न विचारता ढकलतं. खून कुठेही करता येतो, लपवायची रीत मात्र गावोगाव वेगळी.

मग ऑफिसने मला तीन आठवडे लंडनला पाठवलं. ज्या बाईंकडे उतरलो होतो, त्यांच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ वारले. कळलं पाचव्या दिवशी. बाई हळहळल्या, पण त्यांना त्या गृहस्थांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. म्हणजे माझी फाडलेली कथाच खरी होती, आई. चुकली होतीस तू.

परत आलो तेव्हा तू पहिलं हेच विचारलंस, "शेजारपाजार कसा आहे गा तिथला?" मी म्हणालो, "आपल्यासारखाच." "पाह्य, मी म्हटलं नव्हतं?" तू इतकी खूश झालीस की दिवसभर येईल त्याला सांगत सुटलीस. ज्या चुकीने मला लेखक केलं, ती दुरुस्त करायचा धीर मला तेव्हा झाला नाही. आजही होत नाही. तुला सगळं वाचून दाखवायचो, हे लिहिलेलं मात्र तुझ्या फोटोसमोरही वाचणार नाही.