चौथी फेरी

प्रिय चिझू,

बुधवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, राहू दे ते लायसन्स आणखी वर्षभर. आणि सुट्टीत मिओला पाठवते, तिला तळ्यापर्यंत फिरवून आणा तुमच्या गाडीतून." मी हो हो करत फोन ठेवला. पण मिओला पाठवू नकोस. म्हणजे पाठव, जरूर पाठव, नात आली तर मला काय नको आहे? फक्त माझ्या गाडीत तिला बसवायचं नाही. का, ते या पत्रात लिहितोय. सगळं वाचून झाल्याशिवाय फोन उचलू नकोस. फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि मी हवापाण्यावर घसरतो, हे आपलं जुनंच आहे.

सुरुवात कुंपणापासून करतो. नववर्षाला तू आलीस तेव्हा गाडीचा डावा कान, म्हणजे बाजूचा आरसा, चेपलेला तुला दिसला आणि मी म्हणालो, मांजर आडवं आलं. मांजर वगैरे काही नव्हतं. शेजारच्या ओझेकींच्या गल्लीत वळायचं होतं, पस्तीस वर्षं वळतोय तिथे, आणि त्या दिवशी गल्ली आधीच आली असं वाटून मी त्यांच्या कुंपणात घुसलो. ओझेकीबाई बिचाऱ्या माझीच माफी मागत होत्या, कुंपण फार पुढे बांधलं म्हणून! तू तेव्हाच मागे लागलीस, लायसन्स परत करा. परत केलं की बसचं अर्धं तिकीट मिळतं म्हणालीस. माझं डोकंच फिरलं. अडतीस वर्षं ज्याने याच गावात बस चालवली, त्याला तू बसचा पास दाखवतेस होय? त्या दिवशी मी जेवलो नाही, ते कुंपणामुळे नाही, त्या अर्ध्या तिकिटामुळे.

आणि परीक्षेचंही सांगून टाकतो. पंचाहत्तरी उलटल्यावर लायसन्ससाठी स्मरणशक्तीची परीक्षा घेतात ना, चित्रं दाखवतात आणि मग काय काय होतं ते लिहायला लावतात. मी उत्तम गुणांनी पास झालो म्हणून तू केक आणला होतास. चिझू, त्या परीक्षेची पुस्तकं दुकानात मिळतात. चित्रांचे चारच संच असतात. मी चारही संच महिनाभर घोकून गेलो होतो, तोफ, ढोल, बेडूक, कोट, सगळं. घोकलेलं अजूनही पाठ आहे. आणि त्याच आठवड्यात गॅसवर चहाचं भांडं ठेवून मी केस कापायला निघून गेलो होतो. भांडं जळालं, ते फेकून दिलं, तसलंच नवीन आणलं. तुला कळायचं कारणच नव्हतं.

मग आपला सौदा ठरला. तू म्हणालीस, शरदात तुमच्या गाडीवाल्यांच्या क्लबची परेड असते ना शर्यतीच्या ट्रॅकवर, त्यात मला एकदा शेजारी बसवून फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी दोघं पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स देऊन टाकू. मी लगेच कबूल झालो याचं तुला नवल वाटलं. अगं, मला हे फार वर्षांपासून करायचं होतं. गाडी घेतली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. माणसं तीन आणि गाडी दोघांची! तुझी आई म्हणायची, "असली गाडी घेणारा हा बाप आहे की नवरदेव?" कुठेही निघालो की एकाला घरी राहावं लागायचं, आणि राहायची तीच. माझी फुसाए दारात उभी राहून हात हलवायची, मग म्हणे आत जाऊन टीव्ही लावून तांदळाच्या कुरकुरीत सेनबेई खात बसायची. मी तिला एकदाही ट्रॅकवर नेलं नाही. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या शरदात. ती गेली त्यालाही सहा वर्षं झाली.

परेडचा रविवार मात्र काय झकास उजाडला होता! तू हमामात्सूहून पहिल्या ट्रेनने आलीस, आणि माझे पांढरे हातमोजे बघून पोट धरून हसलीस, "बाबा, लग्नाला निघालात की काय?" हातमोज्यांशिवाय मी चाक धरत नाही, त्याला आता कोण काय करणार. मैदानात साठ गाड्या, कुणाची बायको डबे वाटतेय, कुणी काचा पुसतोय. क्लबच्या कुरोइवाने भोंग्यावरून नियम सांगितले. ही शर्यत नव्हे. हेल्मेट नको. कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. आघाडीच्या गाडीमागे मुकाट तीन फेऱ्या मारायच्या आणि तिच्याच मागे पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या थांब्यात, शिरायचं. "पुढच्याचं शेपूट सोडू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ!" आपला नंबर सदतिसावा. पुढे ती पिवळी गाडी, मागे तेवीसजण.

मी छत उघडलं, बसच्या जुन्या सवयीने बोट दाखवून मोठ्याने म्हटलं, "उजवीकडे मोकळं, डावीकडे मोकळं, निघालो," आणि निघालो. हायवेवर याहून जोरात जातात लोक, पण त्या लांबच लांब सरळ पट्टीवर ऐंशीने जातानाही माझ्या अंगावर काटा आला. रिकाम्या बाकांना तू राणीसारखा हात हलवत होतीस. फुजी पर्वताने डोक्यावर ढग ओढला होता, तर तू त्यालाच दटावलंस, "आज तरी तोंड दाखव की!" पहिल्या फेरीत वळणावर तू दार घट्ट धरलंस. दुसऱ्या फेरीत सोडलंस. मी मनात म्हटलं, झालं, पोरीचा भरवसा बसला. इतका सुखी मी गेल्या सहा वर्षांत झालो नव्हतो, हे खरं आहे आणि ते खरंच राहू दे.

मग तिसरी फेरी संपली. पिवळी गाडी दिवे उघडमीट करत पिटमध्ये वळली आणि मी सरळ निघून गेलो. माझ्या मागच्यांना काय, पुढच्याचं शेपूट सोडायचं नाही! तेवीसच्या तेवीस गाड्या इमानेइतबारे माझ्या मागे. झेंडेवाला पोरगेला माणूस झेंडा विसरून दोन्ही हात वर करून नाचत होता. तेवढ्यात मी तुला विचारलं, "वारा लागत असेल तर सांगा हं, बाई." तू लहान असताना आपण जेवणाच्या खुर्च्या मांडून बस बस खेळायचो, ते तुला आठवलं, आणि तू तसंच तोंड करून म्हणालीस, "नाही हो चालकसाहेब, छान वाटतंय." पूर्ण फेरी मारून पिटमध्ये आलो, तर कुरोइवा धावत आला. मी कमरेत वाकून वाकून माफी मागितली. तो रागावतो कसला, मागचे तेवीसजण टाळ्या वाजवत उतरले होते, फुकटात एक फेरी जास्त मिळाली म्हणून. एकाने तर मला मुळ्याच्या लोणच्याचं पाकीट दिलं.

आणि तू गाडीतच बसून राहिलीस. डोळे भरून आले होते तुझे. म्हणालीस, "बाबा, शेवटची म्हणून ही फेरी माझ्यासाठी मारलीत ना?" मी हो म्हणालो. सोमवारी पोलीस ठाण्याचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. आता ती गोष्ट तू घरी सांगितलीस, ऑफिसात सांगितलीस. मिओने त्या गोष्टीवर शाळेत निबंध लिहिला, बाईंनी तो वर्गाच्या भिंतीवर लावला. बुधवारी तू तो मला फोनवर वाचून दाखवलास. "माझ्या आजोबांनी आईसाठी नियम मोडला." ते ऐकलं आणि मी हे पत्र लिहायला घेतलं.

चिझू, ती फेरी तुझ्यासाठी नव्हती. पिवळी गाडी वळली तेव्हा ती कुठे चालली हेच मला कळेना. हा रस्ता कुठला, मी का निघालोय, काही कळेना. हातपाय गाडी बरोबर चालवत होते, त्यांना सगळं येतं. डावीकडे बघितलं तर एक बाई बसलेली. चाळिशी उलटलेली, केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा हसरा. कोण ते आठवेना. वारा लागतोय का, हे मी खेळात नाही विचारलं गं, खरंच विचारलं. पिटमध्ये तू "बाबा" म्हणालीस तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, अरे, ही तर आपली चिझू! त्या आनंदात तू जे विचारशील त्याला मी हो म्हटलं असतं. तुझ्या हातातली ही एवढी सुंदर गोष्ट मी काढून घेतोय, माझं काळीज तुटतंय, पण त्या जागेवर मिओला बसवायचं म्हणतेस, मग मी गप्प कसा राहू? सोमवारची रजा काढून ये. आधी पोलीस ठाण्यात जाऊ, मग तू म्हणशील त्या डॉक्टरांकडे. किल्ली मी आजच ओझेकीबाईंकडे ठेवून आलोय, मागितली तरी देऊ नका म्हणून सांगून. मिओला निबंधाचं सांगू नकोस, राहू दे भिंतीवर. तुला मात्र आणखी एक सांगतो, तेही तितकंच खरं आहे. मी फार घाबरलो होतो, पण त्या अख्ख्या फेरीत चाक घट्ट धरून मी एकच गोष्ट स्वतःला बजावत होतो, ही बाई कुणाची तरी लेक असणार, घरी तिचा बाप वाट बघत असेल, हिला जपून नेलं पाहिजे.

आज पुरता भानावर असलेला,
तुझाच,
बाबा