शून्य किलो मासे

हिंजवडी,
५ डिसेंबर २००७

प्रिय दत्तोबा,

खिशात फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "बोल अन्या" म्हणालास की मी हसून विषय बदलतो. कागदावर ते जमत नाही.

टायपिंग क्लासवाल्या अन्याच्या कंपनीत आता चाळीस माणसं आहेत. दिवसभर लोकांची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरतात. घर अकराव्या मजल्यावर. शालन गेल्यापासून तिथं माझ्या कानांना काम उरलेलं नाही. लिफ्टच्या आवाजावरून कोण कुठं उतरलं ते ओळखतो. माझ्या मजल्यावर सहसा कुणी उतरत नाही.

काल मात्र कान कामी आले. कारखान्यांनी नदीत सोडायच्या पाण्याचे नियम कडक करायचे का, यावर सरकारी बैठक होती. पाण्यातला पारा माशात उतरतो, माशातून माणसात. म्हणून माणसं मासे किती खातात त्यावर पाऱ्याची मर्यादा ठरते. चहाच्या वेळी मागं कुणीतरी पुटपुटलं, "कडक करायचं कुणासाठी? काठावरची वस्ती मासे खातच नाही. तक्त्यात शून्य आहे."

तो तक्ता माझ्याच कंपनीचा. प्रश्नही माझाच: आठवड्याला किती किलो मासे विकत आणता? विकतचं वजन माणसाच्या लक्षात राहतं, ही माझी हुशारी! तुझ्या दारात मीच फॉर्म भरला. "आमी आन् इकत? नदी काय वाण्याची हाय का?" म्हणालास. दोघंही हसलो, आणि मी शून्य लिहिलं. घरोघरी तसंच झालं. दोन्ही वेळा चिलापीचं कालवण जेवणाऱ्या अख्ख्या वस्तीपुढं शून्य.

याहून वाईट गोष्ट पुढंच आहे. माशांतल्या पाऱ्याचे आकडे मी मार्चमध्येच पाहिले होते. त्यानंतर तुझ्याकडे आलो, वहिनींनी ताट वाढलं, मी म्हणालो, उपास आहे. "उपास? आन् तुमचा, भावजी?" म्हणत त्यांनी माझ्यासाठी शेंगदाणे भाजले. शेजारी तुझी नात तनुजा माशाचं डोकं चोखत होती. अहवाल गुप्त होता, कंत्राट मोठं होतं. मी शेंगदाणे खात राहिलो. त्यानंतर तुझ्याकडे फिरकलो नाही.

पुढच्या शुक्रवारी हरकती ऐकणार आहेत. प्रश्न चुकला, असं मी लिहून दिलंय. पण ताटात रोज किती पडतं, ते वहिनींनीच तिथं सांगायला हवं. सकाळी नऊला गाडी घेऊन येतो. तोवर तनुजाला नदीचा मासा देऊ नका. मला दारात उभं करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त वहिनींना एवढं आधी वाचून दाखव: त्या दिवशी माझा उपास नव्हता.

तुझाच,
अन्या