कोपऱ्यावरच्या सायकली

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबा गोळ्या घेतात ना?

हल्ली मी कामावर भाड्याच्या सायकलने जाते. कोपऱ्यावरच्या स्टँडवरून घ्यायची आणि हॉस्पिटलपाशी ठेवायची. सकाळी तिथे पोस्टमनकाका, बेकरीवाल्या मावशी अशी रोज तीच माणसं असतात, पण दोन महिने आम्ही एकमेकांकडे बघून नुसती मान हलवायचो.

सोमवारी वळणावर मी घसरून पडले. घाबरू नकोस, गुडघा तेवढा खरचटला. मागून येणाऱ्या पोस्टमनकाकांनी सायकल उचलली, बेकरीवाल्या मावशींनी आपला रुमाल बांधला आणि दोघांनी मला हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडलं. "नर्सबाईच पेशंट झाल्या!" म्हणून वॉर्डात सगळे हसले.

मंगळवारी पाय जरा सुजला, म्हणून खोलीवरच राहिले. बुधवारी स्टँडवर गेले, तर मावशी माझ्यासाठी बुटकी सायकल अडवून उभ्या!

"काल कुठे होतीस गं? आम्ही किती वाट बघितली!"

आई, घर सोडल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मला एकदम रडूच आलं. काका म्हणाले, "पाय दुखतोय का?" मी हो म्हटलं.

आता आम्ही तिघं बरोबरच निघतो. तेव्हा पोरगी तिकडे एकटी आहे, असं शेजारी सांगत बसू नकोस.

तुझीच,
धाकटी